मुतखड्यावर ध्वनीची मात्रा

बंगळूर शहराच्या उत्तरेस येलहंका नावाचे एक जुने गाव आहे. बंगळूर वसविणाऱ्या केंपेगौडाच्या घराण्याचे हे मूळ ठाणे. 1638 च्या सुमारास विजापूरच्या फौजेबरोबर शहाजीराजे या मुलखात आले, बंगळूर त्यांच्या जहागिरीत आले, आणि तेव्हापासून या परिसराची नावे मराठी कानांना परकी राहिलेली नाहीत. आता हे गाव वाढत्या शहराच्या पोटात सामावून गेले आहे. तरीही दोन गोष्टींमुळे त्याचे नाव देशभर घेतले जाते. एक म्हणजे तेथील हवाई दलाचा तळ. 1996 पासून साधारणतः दर दोन वर्षांनी तेथे विमानांचे मोठे प्रदर्शन भरते आणि ध्वनीहून वेगाने उडू शकणारी लढाऊ विमाने लोक डोळे भरून पाहतात. दुसरी म्हणजे 1984 साली सुरू झालेला रेल्वेच्या चाकांचा कारखाना. तेथे वितळलेल्या पोलादाची चाके ओतली जातात आणि त्यांच्या पोटात एखादी चीर दडून राहिली आहे काय, हे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या साहाय्याने तपासले जाते.

वेगवान विमानापुढे उठणारा आघाताचा तरंग आणि पोलादाच्या अंतरंगाची चौकशी करणारा सूक्ष्म ध्वनी, ही दोन्ही एकाच शक्तीची रूपे होत. माणसाच्या मूत्रमार्गात अडकलेला खडा चाकूच्या स्पर्शावाचून फोडण्यासाठी वैद्यकाने याच दोन रूपांचा आश्रय केलेला आहे. त्यांपैकी कोणते रूप केव्हा उपकारक, आणि त्याच्याकडून किती अपेक्षा बाळगावी, हा प्रश्न रोग्याच्या दृष्टीने केवळ कुतूहलाचा नाही. कधी कधी एक संपूर्ण मूत्रपिंड त्यावर अवलंबून असते.

समजा, भट्टीच्या धगीत दिवसभर राबणारा एखादा चाळिशीतला कारागीर आहे. घाम भरपूर जातो, पाणी पिणे मात्र राहून जाते. शरीरातील पाणी आटले की मूत्र घट्ट होते आणि त्यात विरघळलेले क्षार स्फटिकरूपाने खाली बसू लागतात. महिनोन् महिने हा खडा मूत्रपिंडात निमूट पडून असतो. एके रात्री तो तेथून निसटतो, मूत्रवाहिनीत उतरतो आणि माणूस गडबडा लोळू लागतो. पाठीच्या एका बाजूस, बरगडीच्या खाली उठलेली कळ जांघेपर्यंत जाते. उभे राहवत नाही, बसवत नाही, निजवत नाही. उलट्या होतात. ज्यांनी ही वेदना सोसली आहे, त्यांना तिचे वर्णन सांगण्याची गरज नाही.

ही वेदना इतकी दारुण का असावी? मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत मूत्र वाहून नेणारी ही नळी सुमारे 25 ते 30 सेंटिमीटर लांब असते. तिची आतील रुंदी मात्र अवघी तीन-चार मिलिमीटर. तिच्या वाटेत तीन अरुंद जागा आहेत. मूत्रपिंडातून ती निघते ती पहिली, कमरेच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना ती ओलांडते ती दुसरी, आणि मूत्राशयाच्या भिंतीतून ती आत शिरते ती तिसरी व बहुधा सर्वांत अरुंद. खडा अशा जागी अडला की मागे मूत्र तुंबते, मूत्रपिंडावर ताण पडतो आणि खड्याला पुढे ढकलण्यासाठी नळी आवळून आवळून जोर करू लागते. ही धडपडच वेदना होऊन जाणवते.

सुदैवाने, अशा खड्यांपैकी पुष्कळसे आपोआप पडून जातात. पाच मिलिमीटरपर्यंतच्या दर तीन खड्यांपैकी साधारणतः दोन कोणत्याही शस्त्रक्रियेवाचून बाहेर पडतात. पाच ते दहा मिलिमीटरच्या खड्यांत हे प्रमाण निम्म्यावर येते. म्हणून संसर्ग नसेल, मूत्रपिंडाचे काम नीट चालू असेल आणि वेदना औषधांनी आवरत असेल, तर वैद्य चार ते सहा आठवडे वाट पाहण्याचा सल्ला देतात. न पडणाऱ्या खड्याचे काय करावे, हा त्यापुढचा प्रश्न.

हा प्रश्न फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे स्वतंत्र विवेचन आहे आणि मूत्राशयातील खडा शस्त्राने कसा काढावा याची रीतही सांगितलेली आहे. पण शस्त्र हा शेवटचा उपाय, आणि तो करण्यापूर्वी राजाची अनुज्ञा घ्यावी, असे त्या आचार्यांनी बजावले आहे. न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास जगण्याविषयी संशय, अशी ती परिस्थिती होती. त्यानंतर शतकानुशतके खडा आणि शस्त्र यांची जोडी तुटली नाही. ती तुटली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तीही वैद्यकाच्या नव्हे, विमानविद्येच्या अंगणात.

जर्मनीतील डॉर्नियर या विमाने बांधणाऱ्या कंपनीचे शास्त्रज्ञ 1960 नंतरच्या दशकात एका वेगळ्याच अडचणीचा अभ्यास करीत होते. ध्वनीहून वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले, तर त्याच्या धातूस आतून इजा होई. थेंब तो केवढा, आणि धातू तो किती कठीण! पण त्या टकरीतून आघाततरंग निर्माण होत आणि ते पदार्थाच्या आत शिरून दूरवर परिणाम घडवीत. असे सांगतात की, प्रयोग चालू असता एका माणसाचा हात नेमका टकरीच्या क्षणी लक्ष्याला लागला आणि त्याला विजेच्या धक्क्यासारखे काही जाणवले. वीज तर तेथे नव्हती. त्याच्या देहातून गेला होता तो आघाताचा तरंग, आणि त्याने वाटेत कातडीला ओरखडाही काढला नव्हता.

जो तरंग त्वचेला न दुखविता आत जातो, तो आतला दगड फोडील काय? या प्रश्नाचा पाठपुरावा म्यूनिक येथील शल्यवैद्यांनी केला. 7 फेब्रुवारी 1980 रोजी ख्रिश्चन चॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रोग्यावर हा उपचार केला. रोग्याला पाण्याने भरलेल्या मोठ्या टाकीत उतरवीत, पाण्याखाली विजेची ठिणगी पाडीत आणि अर्ध्या अंड्याच्या आकाराच्या धातूच्या वाटीने त्या ठिणगीतून उठलेले तरंग नेमके खड्यावर एकवटीत. 1984 च्या अखेरीस अमेरिकेतही या यंत्रास मान्यता मिळाली आणि थोड्याच वर्षांत ते जगभर पसरले. लिथोट्रिप्सी म्हणजे अश्मभंजन, हा शब्द तेव्हापासून रुग्णालयांत रुळला.

हा तरंग देह सोडून खड्यावरच का कोपतो, हे समजण्यासाठी कॅरमचा पट पुरेसा आहे. एकमेकींना चिकटून ठेवलेल्या सोंगट्यांच्या रांगेला एका टोकाशी टिचकी मारली, तर मधल्या सोंगट्या जागच्या जागी राहतात आणि शेवटची तेवढी उडते. मधल्या प्रत्येक सोंगटीने धक्का पुढच्या सोंगटीच्या हवाली केलेला असतो. मानवी देहातील मांस, रक्त आणि मेद हे ध्वनीच्या दृष्टीने बहुतांशी पाण्यासारखेच. त्यामुळे तरंग त्यांतून निर्वेधपणे पुढे सरकतो. खडा मात्र पाण्याहून अगदी भिन्न. तेथे तरंगाचा काही भाग परततो, काही आत शिरतो. आत शिरलेला तरंग खड्याच्या मागच्या पाठीवर आदळून उलटतो तेव्हा दाबाचे रूपांतर ताणात होते. खडू दोन्ही टोकांनी दाबला तर सहसा मोडत नाही. वाकवून ताणला की तटकन तुटतो. खड्याचेही तसेच. शिवाय खड्याभोवतीच्या द्रवात सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होऊन फुटतात आणि त्याचा पृष्ठभाग पोखरून काढतात. असे दोन-तीन हजार आघात एकामागून एक दिले की खड्याची रेती होते आणि ती मूत्रावाटे वाहून जाते.

पुढे पाण्याची टाकी गेली. तिच्या जागी पाण्याने भरलेली मऊ उशी आणि कातडीवर लावावयाचा चिकट लेप आला. ठिणगीऐवजी विद्युच्चुंबकाने हलविलेली पत्री, किंवा विजेचा दाब देताच आकुंचन-प्रसरण पावणारे स्फटिक, यांच्या योगे तरंग उत्पन्न करणारी यंत्रे निघाली. त्यांचा मारा अधिक अरुंद जागी पडतो. वेदना कमी, म्हणून पूर्ण भूल देण्याची गरजही बहुधा राहत नाही. पण नवे ते सर्वच बाबतींत सरस, असे येथे घडले नाही. श्वासाबरोबर खडा वर-खाली हलतो आणि मारा अरुंद असेल तर त्यातले कित्येक घाव फुकट जातात. जुन्या टाकीच्या यंत्राचा प्रभाव पुढच्या अनेक यंत्रांना गाठता आलेला नाही. लेपात हवेचे बुडबुडे राहिले, तर तरंग तेथेच अडतो. आणि घाई तर मुळीच कामाची नाही. मिनिटास 120 ऐवजी 60 आघात दिल्यास खडा अधिक चांगला फुटतो, असे अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे. मागल्या घावाचे बुडबुडे विरण्याआधी पुढला घाव आला, तर ते बुडबुडेच त्याची वाट अडवितात.

मूत्रवाहिनीतल्या खड्याची एक विशेष अडचण आहे. मूत्रपिंडातील खड्याभोवती द्रव असतो आणि तुकड्यांना विलग व्हायला जागा असते. नळीत रुतलेल्या खड्याला ही मोकळीक नाही. नळीचा मधला भाग कमरेच्या हाडाआड येतो आणि हाड तरंगांना अडविते, म्हणून तेथे रोग्याला पालथे निजवावे लागते. ब्रिटनमध्ये मूत्रवाहिनीत खडा असलेल्या 1,100 हून अधिक रोग्यांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले. एका गटाला प्रथम आघाततरंग देण्यात आले, तर दुसऱ्या गटात मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण घालून खडा काढण्यात आला. सहा महिन्यांत पुन्हा काही उपचार करावा लागला तो पहिल्या गटात सुमारे 22 टक्क्यांना आणि दुसऱ्यात सुमारे 10 टक्क्यांना. म्हणजे दुर्बीण अधिक हुकमी ठरली. परंतु त्याच आकड्यांची दुसरी बाजू अशी की, आघाततरंगांनी सुरुवात केलेल्या दर पाच रोग्यांपैकी जवळजवळ चौघांना पुढे दुसऱ्या कोणत्याही उपायाची गरज पडली नाही, आणि खर्चही कमी आला. ज्याची रोजी हातावर आहे त्याला ही दुसरी बाजूही समजली पाहिजे.

या पद्धतीच्या मर्यादा मात्र मोकळेपणाने सांगावयास हव्यात. दहा मिलिमीटरहून मोठ्या खड्याला दुर्बीणच बहुधा बरी. काही खडे जात्याच चिवट असतात. सिस्टीनचे खडे आणि कॅल्शियम ऑक्सॅलेटचा एक घट्ट प्रकार तरंगांना सहजी दाद देत नाहीत. देह स्थूल असून खडा कातडीपासून दहा सेंटिमीटरहून खोल असेल, तर घाव क्षीण होतो. उपचारानंतर लघवीत रक्त दिसते, ते बहुधा दोन-चार दिवसांत थांबते. क्वचित मूत्रपिंडाभोवती रक्त साकळते. फुटलेल्या खड्याचे तुकडे नळीत एकामागे एक अडकून त्यांची फरसबंदीच होऊन बसते, असेही कधी घडते. गर्भवती स्त्रीला हा उपचार देत नाहीत. रक्त गोठण्यात दोष असेल किंवा मूत्रमार्गात संसर्ग असेल, तर आधी तो दूर करावा लागतो. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल, तर तसे वैद्याला आधीच सांगावे. ते आपल्या मनाने बंद करू नये.

येथवर झाली ती विमानाची विद्या. आता चाकांच्या कारखान्यातील दुसऱ्या ध्वनीकडे वळावे. मडके घेताना बाई त्यावर बोटाने टिचकी मारून पाहते. गाडी स्थानकात थांबली की हातोडीने चाके ठोकीत जाणारा कामगार जुन्या प्रवाशांना आठवत असेल. दोघांची परीक्षा एकच: पदार्थ सलग असेल तर तो खणखणतो, चीर असेल तर बद्द वाजतो. पोलादाच्या चाकात सोडलेला श्राव्यातीत ध्वनी हेच काम अधिक सूक्ष्मपणे करतो. त्याचा प्रतिध्वनी चिरेचा ठावठिकाणा सांगतो. रुग्णालयातील सोनोग्राफी ती हीच. तेथे पाहण्यापुरताच वापरला जाणारा हा ध्वनी थोडा प्रबळ करून एकवटला, तर तो खडा फोडूही शकेल काय?

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात या दिशेने बरीच वर्षे संशोधन झाले. तेथे विकसित झालेल्या पद्धतीला बर्स्ट वेव्ह लिथोट्रिप्सी म्हणतात. मराठीत तिला तरंगगुच्छांची पद्धती म्हणता येईल. आघाततरंगात एकेक घाव प्रचंड असतो. त्याचा दाब क्षणभर वातावरणाच्या दाबाच्या शेकडो पट चढतो आणि तो सेकंदाला एक-दोनदाच पडतो. तरंगगुच्छांच्या पद्धतीत घाव सौम्य असतात, पण ते लयबद्ध असून पाठोपाठ येतात. प्रत्येक गुच्छात अनेक नियमित आवर्तने, आणि असे कित्येक गुच्छ दर सेकंदाला. खड्याच्या आत हे तरंग एकमेकांत मिसळून ठराविक अंतरावर ताण निर्माण करतात आणि तेथे तेथे चिरा पडत जातात. प्रयोगशाळेत असे दिसले की, ध्वनीची वारंवारता वाढविली की तुकडे अधिक बारीक होतात. म्हणजे केवढा चुरा हवा, हे काही अंशी आधीच ठरविता येते. आघाततरंगांना ही सोय नाही.

2022 साली पहिल्या 19 रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांच्या 23 खड्यांवर दहा मिनिटांपर्यंत हे तरंग सोडण्यात आले, आणि दुर्बिणीतून परिणाम प्रत्यक्ष पाहण्यात आला. निम्म्या खड्यांत आकारमानाचा 90 टक्के किंवा अधिक भाग दोन मिलिमीटरपर्यंतच्या कणांत मोडला होता. 23 पैकी 9 खडे तर पूर्णपणे फुटले होते. शेजारच्या ऊतींना झालेली इजा किरकोळ होती.

याच संशोधकांनी ध्वनीचा तिसरा उपयोग शोधला. तो खडा फोडण्याचा नव्हे, नुसता सरकविण्याचा. पाण्यातल्या पानाला वाऱ्याने लोटावे, तसा ध्वनीच्या दाबाने खडा पुढे लोटावयाचा. या कामास अमेरिकेच्या अवकाश संस्थेनेही पाठबळ दिले, कारण भारहीन अवस्थेत अंतराळवीरांच्या हाडांतील कॅल्शियम झिजते व मूत्रात उतरते. आणि अंतराळात शस्त्रक्रियेची सोय कोठली? मूत्रवाहिनीत खडा अडकलेल्या 29 रोग्यांवर, ते पूर्ण जागे असताना, हा प्रयोग झाला. काहींना लोटण्याबरोबर तरंगगुच्छही देण्यात आले. 19 जणांत खडा हललेला दिसला. नळीच्या खालच्या टोकाशी खडा असलेल्या ज्या 21 जणांची पुढील माहिती मिळाली, त्यांपैकी 18 जणांचा खडा पडून गेला, आणि त्याला सरासरी चार दिवस लागले.

हे आकडे उमेद वाढविणारे आहेत, पण ते तारतम्याने घेतले पाहिजेत. खालच्या टोकाशी आलेले लहान खडे पुष्कळदा आपोआपही पडतात. ज्यांना उपचार दिला नाही अशा रोग्यांचा गट तुलनेसाठी ठेवलेला नव्हता, आणि संख्याही लहान होती. आघाततरंगांच्या पाठीशी चार दशकांहून अधिक अनुभव आणि असंख्य रोगी उभे आहेत. तरंगगुच्छांच्या पाठीशी आहे ते सौम्यतेचे आश्वासन. भूल नको, पाण्याची टाकी नको, हाताळण्याजोगे छोटे यंत्र पुरे, हे गुण मोठ्या शहरापेक्षा तालुक्याच्या दवाखान्याला अधिक मोलाचे. परंतु आश्वासन आणि अनुभव यांत जे अंतर आहे, ते मोठ्या आणि निःपक्षपाती चाचण्यांनीच तुटते.

म्हणून त्या कारागिराने 'सर्वांत नवे यंत्र कोठे आहे' एवढेच विचारून भागणार नाही. त्याने विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. खडा केवढा? तो नळीच्या कोणत्या भागात? कठीण की ठिसूळ? एका खेपेत काम होण्याची शक्यता किती, आणि न झाल्यास पुढे काय? खडा यूरिक ॲसिडचा असेल, तर कित्येकदा मूत्राची आम्लता कमी करणाऱ्या औषधानेच तो विरघळतो, आणि मग कोणत्याही ध्वनीची गरज उरत नाही.

आणि एक इशारा या सर्वांहून महत्त्वाचा. कळ थांबली म्हणजे खडा पडला असे नव्हे. काही वेळा खडा जागच्या जागीच असतो, वेदना तेवढी मावळते, आणि तुंबलेल्या मूत्राखाली मूत्रपिंड हळूहळू निकामी होत जाते. माणूस कामावर रुजू होतो. मूत्रपिंड मात्र कामावरून कायमचे उतरते. म्हणून खडा पडल्याची खात्री तपासणीनेच करून घ्यावी. ती तपासणी बुडवून वाचलेली एका दिवसाची मजुरी फार महाग पडते. खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी अजिबात बंद झाली, किंवा रोग्याला एकच मूत्रपिंड असेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. अशा वेळी खडा फोडण्याची घाई नसते. तुंबलेले मूत्र मोकळे करणे हेच पहिले काम.

खडा एकदा झालेल्या माणसाला तो पुन्हा होण्याचा संभव मोठा. दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिणे, जेवणातील मीठ आवरणे, आणि कॅल्शियमच्या भीतीने दूध-दही न सोडणे, हे उपाय बिनखर्चाचे आणि कसोटीला उतरलेले आहेत. आहारातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्सॅलेटला धरून ठेवते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पावसाच्या थेंबाने विमानाच्या पोलादाला आव्हान दिले, आणि त्या आव्हानातून माणसाला एक औषध गवसले. थेंबाची ती शक्ती प्रचंड वेगात होती. भट्टीपुढे उभ्या असलेल्या कारागिराला मात्र पाण्याची तीच शक्ती वेगावाचून लाभू शकते. हाताशी भरलेला तांब्या असावा आणि तो वेळच्या वेळी रिता व्हावा, एवढेच पुरे.